खोडलेले क्रमांक नीट वाचा

‘नंबर सगळे मॅच आहेत.’ जुन्या स्नायपर रायफलीचे फोटो दाखवणारा माणूस पहिले वाक्य बहुधा हेच बोलतो आणि ऐकणाऱ्याचे अर्धे समाधान तिथेच होते. रिसिव्हरवर जो क्रमांक तोच बोल्टवर, तोच दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. मग आणखी काय हवे? लष्कराच्या कारखान्यातून पुन्हा बांधून निघालेल्या, म्हणजे ‘आर्सेनल रीबिल्ट’ रायफलीच्या बाबतीत मात्र हाच पुरावा सर्वांत कच्चा असतो. क्रमांक ठोकायला पंचांचा एक संच आणि एक हातोडी पुरते. जे ठोकून आणता येत नाही ते बघायला शिकले पाहिजे, आणि या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

रावेतमध्ये बसून हे लिहिण्याला कारण आहे. आपल्या शेजारी देहूरोडचे कॅन्टोन्मेंट आणि तिथले आयुध भांडार. लोकलने पुण्याच्या दिशेने गेले की खडकी. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि फौजेची ५१२ क्रमांकाची बेस वर्कशॉपही. किवळे, विकासनगर, मामुर्डी, रावेत या भागात फौजेतून, डेपोतून, फॅक्टरीतून निवृत्त झालेली माणसे घरोघरी भेटतात. दुसऱ्या बाजूला चाकण, तळवडे, भोसरीच्या टूलरूममध्ये आणि क्वालिटीत काम करणारी तरुण पिढी आहे. याच घरांतली मुले अमेरिकेत, कॅनडात स्थायिक झालेली असतात, तिथे अशा रायफली कायद्याने विकत मिळतात, आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर फोटो येतो: ‘बाबा, ही ली-एनफील्ड स्नायपर आहे म्हणतात. घेऊ का?’ फोटो पाहून उत्तर देण्यासाठी जी नजर लागते ती या पट्ट्यात भरपूर आहे. फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक हवे.

पण त्याआधी कायदा, आणि तो नीट समजून घ्या. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे असे शस्त्र विनापरवाना जवळ ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्रासाठीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल चौदा वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ‘शंभर वर्षांची आहे, अँटिक आहे, तिला परवाना लागत नाही’ हा समज अजून टिकून आहे आणि तो घातक आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण दुरुस्ती करूनही चालू होऊ शकणार नाही अशाच शस्त्रांना. १९१६ ची ली-एनफील्ड तेल घालून पुसली तर आजही चालते. तिचे वय तिला सूट मिळवून देत नाही.

म्हणून भारतात राहणाऱ्या वाचकाचा या विषयाशी संबंध तीन वाटांनीच येतो. घरात वडिलोपार्जित परवान्यावरचे शस्त्र असेल. एखाद्या शाळेला, माजी सैनिकांच्या संघटनेला किंवा संग्रहालयाला निष्क्रिय केलेली रायफल मांडायला मिळणार असेल. किंवा परदेशातल्या नातेवाइकाला सल्ला द्यायचा असेल. चौथी वाट, म्हणजे कोणीतरी गुपचूप ‘फौजेतून निघालेला माल’ दाखवतो ती, तिच्याकडे पाहूही नका. वाड्याच्या माळ्यावर किंवा गावच्या घरात परवाना नसलेली बंदूक सापडली तर ती गाडीत घालून स्वतः पोलीस ठाण्यात नेऊ नका. आहे तिथे राहू द्या, वकिलाच्या सल्ल्याने पोलिसांना लेखी कळवा. परवानाधारक वारले असतील तर वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात परवान्याची विचारणा करावी. पारख त्यानंतर.

आता मूळ प्रश्न. रीबिल्ट म्हणजे बनावट का? अजिबात नाही. खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये बीएमपी ही चिलखती गाडी ओव्हरहॉलला येते, पूर्ण खोलली जाते, झिजलेले भाग बदलतात, रंग चढतो आणि ती पुन्हा रेजिमेंटला जाते. तिला कोणी नकली बीएमपी म्हणत नाही. रायफलींचेही असेच होते. ब्रिटिश पद्धतीत याला ‘फॅक्टरी थरो रिपेअर’ म्हणत आणि झालेल्या कामाची नोंद रायफलीवर ‘एफटीआर’ ही अक्षरे आणि बहुधा वर्ष ठोकून होई. नळी बदले, लाकूड बदले, दुर्बीण बदले. ज्या रायफलीने खरी सेवा केली तिच्यावर या बदलांच्या खुणा असणारच. शंका उलट्या बाजूने घ्यायची: दुसऱ्या महायुद्धात वापरली गेली, तीस वर्षे फौजेत राहिली, तरी एकही भाग बदललेला नाही, एकही क्रमांक खोडलेला नाही, असा दावा असेल तर जास्त बारकाईने पाहा. बनावटपणा दुरुस्तीत नसतो. साध्या रायफलीला कोणी गेल्या दहा-वीस वर्षांत स्नायपरचा साज चढवून ते काम लष्कराचे आहे असे सांगतो, तेव्हा ती वस्तू बनावट होते.

आपल्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची रायफल म्हणजे ली-एनफील्ड क्रमांक ४ मार्क १ टी. युद्धकाळात कारखान्यांतून निघणाऱ्या क्रमांक ४ रायफलींपैकी नेमबाजीच्या चाचणीत उजव्या ठरणाऱ्या बाजूला काढत आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या जुन्या कंपनीकडे पाठवत. तिथे रिसिव्हरच्या डाव्या बाजूला दोन पॅड बसवून त्यावर ब्रॅकेट आणि ब्रॅकेटमध्ये क्रमांक ३२ ची दुर्बीण जोडली जाई. अशा वीस हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या. बहुतेक बीएसए कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या आणि मॉल्टबीच्या सरकारी कारखान्यातल्या. कॅनडात टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्याने आपल्या स्वतंत्र केल्या. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने केलेल्या, ‘यूएस प्रॉपर्टी’ असा शिक्का असलेल्या रायफलींचे स्नायपरमध्ये रूपांतर अगदी थोडे झाले, म्हणून त्या शिक्क्याची ‘टी’ कोणी दाखवली तर दुप्पट सावध राहा.

या रायफलीवर नजर टाकायच्या जागा ठरलेल्या आहेत. दस्त्याच्या खाचेजवळ रिसिव्हरची जी जाड कड असते, तिच्या डाव्या अंगाला बीएसएच्या निवडलेल्या रायफलींवर ‘टीआर’ ही अक्षरे आणि कारखान्याचा ‘एम ४७ सी’ हा संकेत मिळतो. रिसिव्हरच्या डाव्या भिंतीवर रूपांतर पूर्ण झाल्याचे ‘टी’ हे अक्षर. दस्त्याच्या खालच्या बाजूला, मूठ संपते तिथे, ‘एस ५१’ हा हॉलंड अँड हॉलंडचा युद्धकालीन संकेत. दस्त्याच्या वर, मनगट टेकते त्या भागात, दुर्बिणीचा क्रमांक. ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक. म्हणजे लाकूड दुर्बिणीची ओळख सांगते आणि ब्रॅकेट रायफलीची. दोघे एकमेकांचे साक्षीदार.

एवढे पुस्तकात वाचून कोणीही ठोकू शकतो. पारख इथून पुढे सुरू होते, आणि ती मशीनशॉपमधल्या माणसाला सहज जमावी अशी आहे.

धातूवरचे थर कोणत्या क्रमाने आले ते बघा. युद्धानंतरच्या ब्रिटिश दुरुस्तीत बऱ्याच रायफलींवर फॉस्फेटिंग करून वर सनकोराइट नावाचा काळा रंग भाजून चढवलेला असतो. शिक्का आधीचा असेल तर रंग अक्षराच्या खोलीत उतरलेला, कडांवर गोलावलेला दिसतो. शिक्का रंगानंतर मारलेला असेल तर अक्षराच्या कडेला रंग फुटतो, तळाशी धातू उघडा पडतो किंवा तिथे वेगळ्याच रंगाचा हात फिरवलेला दिसतो. आता तर्क लावा. ‘टी’ हे अक्षर १९४४ मध्ये ठोकले गेले आणि रायफल १९५० च्या दशकात रंगवली गेली असेल, तर ‘टी’ रंगाच्या खाली असलाच पाहिजे. ‘एफटीआर’ आणि त्याचे वर्ष मात्र त्या दुरुस्तीचेच असल्यामुळे त्या रंगाशी जुळणारे हवे. ‘टी’ रंगाच्या वर आणि ‘एफटीआर’ रंगाच्या खाली दिसले, तर घटनांचा क्रम उलटा झाला. हे लपवता येत नाही, कारण ते लपवायला पुन्हा रंग द्यावा लागतो, आणि सगळीकडे नवा रंग असणे हीच मग नवी शंका. दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढे साहित्य पुरते.

पंच मारल्यावर धातू बाजूला सरकून अक्षराभोवती बारीक कड वर येते हे कुठल्याही फिटरला माहीत असते. ऐंशी वर्षे हातांनी, कापडांनी, तेलाने घासल्यावर ती कड बोथट होते. दोन इंचांवरचा कारखान्याचा शिक्का गुळगुळीत झाला आहे आणि शेजारचे ‘टी’ बोटाला टोचते आहे, तर त्या दोघांचे आयुष्य सारखे नाही.

पॅड हा या रायफलीचा आत्मा आहे. सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते आणि सर्वांत जास्त पुरावाही तिथेच राहतो. मूळ कामात पुढच्या पॅडखाली कथलाचा झाळ असे, पॅड स्क्रूने आवळलेले असत आणि स्क्रू सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडेला पंच मारून ते पक्के केलेले असत. पॅडचे तोंड त्या एकाच रायफलीच्या नळीशी जुळवून घेतलेले असे. म्हणून फोटो मागताना ब्रॅकेट काढलेला फोटो मागा. ब्रॅकेट लावलेला फोटो सुंदर दिसतो, पण त्यातून काही कळत नाही. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या आहेत का? कडेचे पंच आहेत का, आणि एकापेक्षा जास्त वेळा मारलेले आहेत का? पॅडच्या कडेने वेल्डचा वितळलेला मणी दिसतो का? वेल्ड दिसला तर थांबा: हॉलंड अँड हॉलंडने पॅड वेल्ड केले नाहीत. पॅड आणि ब्रॅकेट यांच्या टेकणाऱ्या पृष्ठांवर घासल्याचे डाग पाहा. ब्रॅकेट वर्षानुवर्षे काढ-घाल झालेले असेल तर दोन्ही पृष्ठांवरच्या चकाकत्या खुणा एकमेकींचे प्रतिबिंब असतात. ब्रॅकेट चमकते आणि पॅड कोरा, म्हणजे दोघांची भेट अलीकडची.

आणखी एक छोटी खूण. दुर्बीण लावल्यावर आडवे येते म्हणून या रायफलींच्या मागच्या साइटवरचे मोठे भोक असलेले पान घासून काढून टाकलेले असते. ते पान शाबूत असेल तर कोणाला तरी ही गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा नंतर साइट बदलली. दुसरी शक्यता खरी असू शकते, पण मग बाकीचे पुरावे भक्कम हवेत.

आता क्रमांकांकडे या. रणांगणावर किंवा वर्कशॉपमध्ये दुर्बीण निकामी झाली की नवी बसवत. नवी बसवली की ती त्या रायफलीशी जुळवत आणि दस्त्यावरचा जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा ठोकत. काही दस्त्यांवर एकाखाली एक दोन-दोन क्रमांक खोडलेले सापडतात. ब्रॅकेटचेही तसेच. ही रेघ पाहून नवखा ग्राहक नाक मुरडतो आणि जाणकार पुढे सरकतो. कारण बनावट करणाऱ्याला सगळे स्वच्छ जुळवायचे असते. तो क्रमांक खोडून दाखवत नाही. आर्मररचे, म्हणजे फौजेतल्या शस्त्र-कारागिराचे, काम लष्करी शिस्तीचे असते: जुनी नोंद पुसायची नाही, रद्द करायची आणि नवी लिहायची. जुना क्रमांक फाइलने घासून जागा खोलगट केली असेल आणि तिथे नवा ठोकला असेल, तर मात्र विचारा की हे कोणी आणि का केले.

दुर्बिणीचे स्वतःचे लिखाण असते. क्रमांक ३२ ची दुर्बीण तीन पटीची. मूळ कल्पना ब्रेन मशीनगनसाठीची होती हे तिच्या दणकट पितळी-पोलादी बांधणीवरून आजही जाणवते. नळीवर मार्क, बनवणाऱ्याची आद्याक्षरे, वर्ष आणि क्रमांक कोरलेले असतात; लीड्सचे केर्शॉ, लंडनचे वॉटसन हे त्यातले काही उत्पादक. लाँग ब्रँचच्या रायफलींबरोबर टोरांटोच्या रिसर्च एंटरप्रायझेसच्या दुर्बिणी असत. मार्क १ सुधारून मार्क २ केली असेल तर जुना मार्क खोडून नवा घातलेला मिळतो, तोही चांगला पुरावा. १९४३ ची दुर्बीण १९४५ च्या रायफलीवर असणे दुरुस्तीत स्वाभाविक आहे. मात्र तिचा क्रमांक लाकडावर असलाच पाहिजे. काचा तपासताना कडेने पिवळसर पापुद्रा सुटल्यासारखा दिसला तर घाबरू नका. त्या काळी भिंगे बाल्समने चिकटवत, ते वयाने सुटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत बुरशीचे जाळे धरते, तेही वयाचेच. उलट आतून नव्यासारखी स्वच्छ दुर्बीण आणि बाहेरून झिजलेली नळी अशी जोडी असेल तर ती अलीकडे उघडली गेली आहे. उघडणे गुन्हा नाही, पण विक्रेत्याने ते सांगायला हवे.

लाकडावर फार विसंबू नका. दस्त्यावरचा गालाला टेकवायचा लाकडी उंचवटा आज नवा बनवून मिळतो. एवढेच पाहा की त्याचे स्क्रू, त्याखालच्या लाकडाचा रंग आणि भोवतालचा रंग एकमेकांना समजावून सांगतात का. बराच काळ झाकलेले लाकूड उघड्या लाकडापेक्षा फिकट राहते.

भारताचा शिक्का असलेल्या ली-एनफील्डची गोष्ट वेगळी आहे आणि परदेशातल्या बाजारात तिचाच सर्वांत जास्त गैरवापर होतो. इशापूरची रायफल फॅक्टरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफील्ड बनवत आणि दुरुस्त करत आली. तिच्या रायफलींवर स्वातंत्र्यापूर्वी मुकुट आणि जीआरआय ही अक्षरे, नंतर अशोकस्तंभ, आणि ‘आरएफआय’. भारतीय दुरुस्तीत पुढच्या लाकडातून, मॅगझिनच्या पुढे, आडवा मजबुतीचा स्क्रू घातलेला असतो. परदेशातले संग्राहक त्याला इशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. ग्रेनेड फेकण्यासाठी ठेवलेल्या रायफलींच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली असते. या खुणा भारतीय सेवेचा खरा पुरावा आहेत. पण भारतीय सेवा म्हणजे स्नायपर सेवा नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिलिमीटरची २ए आणि नंतर २ए१ ही रायफल काढली. त्यांतल्या बऱ्याच पुढे परदेशात विकल्या गेल्या आणि तिथल्या काही व्यापाऱ्यांनी त्या कापून, काळ्या करून, आधुनिक दुर्बीण लावून भलत्याच नावांनी विकल्या. रिसिव्हरवर ‘७.६२’ आणि ‘२ए१’ असेल, चौकोनी मॅगझिन असेल आणि विक्रेता तिला महायुद्धातली स्नायपर म्हणत असेल, तर पुढचे वाचायची गरजच नाही. ब्रिटिशांनी मात्र १९७० पासून सुमारे एक हजार क्रमांक ४ टी रायफली ७.६२ मध्ये रूपांतरित करून एल४२ए१ नावाने वापरल्या, तिथे ७.६२ हा आकडा खोटेपणाचा नाही. आकडा तोच, अर्थ वेगळा, म्हणून शिक्का कोणत्या कारखान्याचा हे आधी बघायचे.

भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफलही इशापूरचीच, त्याच ली-एनफील्डच्या धाटणीची. ती नागरी वापरासाठी नवी बनवलेली आहे, फौजेत कधी गेलेली नाही. दुर्बीण बसवून तिला ‘आर्मीची स्नायपर’ म्हणत जादा पैसे मागितले तर नळीवरचा बोअर वाचा आणि नमस्कार करा.

एनसीसीत कवायत केलेल्यांना ‘डीपी’ ही अक्षरे आठवत असतील. ड्रिल पर्पज. कवायतीसाठी काढलेल्या या रायफली बऱ्याचदा झिजलेल्या, मुद्दाम निकामी केलेल्या असतात. परदेशात त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या रायफली उभ्या केल्या जातात. बोल्टवर, दस्त्यावर, रिसिव्हरवर कुठेही ‘डीपी’ घासून काढल्याचा खळगा दिसला तर ती रायफल पाहायला ठेवा, चालवायला नको. एरवीही अस्सलपणा ठरवण्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. चालवायची असेल तर परदेशातल्या परवानाधारक बंदूक कारागिराकडून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांतले अंतर) तपासल्याशिवाय कोणीही खांद्याला लावू नये.

याच विचाराने सोव्हिएत रायफलींकडेही पाहता येते, कारण अमेरिकेतल्या आपल्या मुलांपुढे जास्त करून त्याच येतात. मोसिन-नागांत ९१/३० वर ३.५ पटीची पीयू दुर्बीण लावलेल्या स्नायपर रायफली इझेव्स्क आणि तुला इथे युद्धात मोठ्या संख्येने झाल्या. युद्धानंतर शस्त्रागारांनी त्या खोलल्या, भाग एकत्र केले, पुन्हा जोडल्या आणि पुष्कळांवर चौकोनात तिरपी रेघ असा दुरुस्तीचा शिक्का मारला. दुर्बीण बदलली की नळीच्या मुळाशी असलेला जुना क्रमांक रद्द करून नवा घातला. आणि बऱ्याच रायफलींची दुर्बीण कायमची काढून, ती ज्यावर बसते त्या बेसची भोके बंद करून, वरून वेल्ड घासून सपाट केले आणि त्या साध्या पायदळ रायफली म्हणून ठेवून दिल्या. फसवणुकीची गंमत इथे आहे: काही व्यापारी हीच बंद भोके पुन्हा पाडतात आणि नवा बेस बसवतात. मग ती रायफल खरी स्नायपर का? होती. पण आज तिच्यावरचा बेस आणि दुर्बीण लष्कराने जोडलेली नाही, आणि किंमत लष्करी दुरुस्तीची मागितली जाते. बेसच्या आतल्या बाजूचा, मॅगझिनवरून दिसणारा फोटो मागा. जुन्या वेल्डचे वर्तुळ पुन्हा भोसकलेले असेल तर तिथे दिसते.

कहाण्यांबद्दल थोडे परखड बोलावे लागेल, कारण महाराष्ट्रात त्या मनाला लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. त्या मोहिमेवर गेलेल्या जवानांची घरे साताऱ्यापासून कोकणापर्यंत आहेत. ‘ही रायफल आजोबांनी इटलीहून आणली’ असे कोणी सांगितले की अंगावर काटा येतो. पण फौजेत काम केलेल्या कोणालाही विचारा: सरकारी हत्यार कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, जमा होते. घरी येतात ती पदके, पेबुक, डिस्चार्जचे कागद, फोटो, फार तर एखादी पाण्याची बाटली. आजोबांच्या शौर्याला सोबत रायफल असण्याची गरज नाही, आणि रायफलीची खात्री आजोबांच्या नावाने होत नाही. दोन्ही वेगळ्या कागदांनी तपासायचे. कागद म्हणजे विक्रीची मूळ पावती, लष्करी विल्हेवाटीची नोंद, आयातीचा शिक्का. लाकडी पेटी आणि तिच्यावरची रंगाने छापलेली अक्षरे याला कागद समजू नका. स्टेन्सिल कोणीही कापतो.

‘सोबत खडकीची मूळ काडतुसे’ हीसुद्धा एक लाडकी भर असते. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ आणि वर्ष असते, ते खडकीचेच. पण काडतूस रायफलीबद्दल काहीही सिद्ध करत नाही, आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस जवळ ठेवणेही शस्त्र अधिनियमात बसते.

तर परदेशातल्या मुलीला किंवा पुतण्याला पाठवायचा निरोप असा असू द्या: रिसिव्हरची डावी भिंत, दस्त्याच्या खाचेची कड, दस्ता वरून आणि खालून, दोन्ही पॅड ब्रॅकेट काढून, ब्रॅकेटची दोन्ही पृष्ठे, दुर्बिणीची नळी गोल फिरवून, वरचे लाकूड उतरवून नळीच्या मुळावरचे शिक्के, मागची साइट, बोल्टच्या मुठीची मागची बाजू. सगळे खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता, आणि एक फुटपट्टी शेजारी ठेवून. विक्रेता एवढे फोटो आनंदाने देत असेल तर निम्मा विश्वास बसतो. पॅडचा फोटो टाळत असेल तर त्याला साध्या क्रमांक ४ ची किंमत सांगा, एक डॉलर जास्त नाही. आणि आलेल्या फोटोंवरून तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहून काढा: ही रायफल लष्कराने स्नायपर म्हणून बनवली होती का, तिची दुरुस्ती लष्करानेच केली का, आज तिच्यावर असलेली दुर्बीण त्या दुरुस्तीतली आहे का. तिन्हींना ‘हो’ असेल तर पूर्ण किंमत. पहिल्या दोहोंना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असेल तरी ती अस्सल रायफल आहे; दुर्बीण वेगळी मोजा. पहिल्यालाच ‘नाही’ असेल तर बाकीचे दोन विचारू नका. पहिल्या प्रश्नावर अडकलात तर लीड्सच्या रॉयल आर्मरीजसारख्या संग्रहातल्या रायफलींशी ताडून पाहण्याइतका वेळ घ्या. विक्रेत्याची घाई हे तुमचे कारण नव्हे.

शाळेसाठी किंवा संघटनेच्या दालनासाठी निष्क्रिय रायफल घेणाऱ्यांनी सर्वांत आधी निष्क्रिय केल्याचे लेखी प्रमाणपत्र आणि पोलिसांना दिलेली माहिती फाइलला लावावी, मग फलक लिहावा. फलकावर ‘स्नायपर रायफल’ लिहायचे असेल तर वरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हातात हवे. नसेल तर ‘ली-एनफील्ड क्रमांक ४, दुरुस्त’ एवढेच लिहा, मुलांना तेही पुरेसे आहे. आणि कितीही मोह झाला तरी भोसरीच्या बफिंगवाल्याकडे ती चमकवायला देऊ नका. काळवंडलेला रंग, खोडलेली रेघ, पंचाची बोथट कड हा सगळा पुरावा एका बफिंगमध्ये जातो आणि पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही. सुक्या सुती कापडाने पुसा, धातूवर पातळ तेलाचा हात फिरवा, लाकडाला वॉर्निश लावू नका, काचपेटीत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते दर पंधरा दिवसांनी बदला.